बीएस४ टिपरचा एक्झॉस्ट बदलायचा आहे, पण पीयूसी आणि पासिंग अडकायला नको

धारबांदोडा_दहाचाकी

नमस्कार मंडळी. गाडी दहा चाकी टिपर, २०१७ अखेरचं मॉडेल, बीएस४, ५.९ लिटर सहा सिलिंडर कॉमन रेल, टर्बो-इंटरकूलर, युरियावाली. काम खडी आणि चिऱ्यांचं, अनमोडचा चढ नेहमीचा.

सायलेन्सरच्या पुढचा शेवटचा पाइप गंजून चाळण झालाय. भरलेली गाडी चढाला पूर्वीसारखी ओढत नाही, एक गिअर खाली घ्यावा लागतो. शेवटच्या पीयूसीत धुराचा आकडा १.४८ आला, मर्यादा १.६२. पाइप बदलायचाच आहे तर टर्बोपासून शेवटपर्यंत ४ इंची एसएस (स्टेनलेस स्टील) टाकावा, सायलेन्सर फ्री-फ्लो घ्यावा आणि तोंड कॅबिनच्या मागून वर काढावं असा विचार आहे. एक मिस्त्री म्हणतो, युरियाचा डबाच काढून टाक, एमुलेटर (युरिया चालू असल्याचा खोटा सिग्नल देणारं उपकरण) लाव, गाडी मोकळी होईल. पाइप किती इंची, कुठल्या धातूचा, आणि हे सगळं करून पीयूसी-पासिंग सरळ होईल का? ५ इंची घेतला तर जास्त फायदा?

फोंडा_डिझेल

पाइपाचं नंतर बघू. आधी तो १.४८ वाचायला शिका, बाब. एससीआर (युरियाने धूर साफ करणारी यंत्रणा) असलेलं, तब्येतीने ठीक कॉमन रेल इंजिन मर्यादेच्या इतकं जवळ येत नाही. काळा धूर म्हणजे डिझेलाच्या मानाने हवा कमी. टर्बोच्या पुढे कितीही चकचकीत एसएस लावलं तरी आत हवा कमी शिरत असेल तर धूर तोच राहणार. शिवाय तुमचा शेवटचा पाइप फुटलेला आहे. प्रोबच्या (पीयूसी मशीनची पाइपात घालायची नळी) आधी भोकं असतील तर बाहेरची हवा मिसळून आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. नवा अखंड पाइप लावल्यावर तुमचा १.४८ चा १.६५ झाला तर पाइपवाल्याला शिव्या देऊ नका.

म्हणून क्रम असा ठेवा.

सगळ्यात आधी डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा आणि फॉल्ट कोड. युरियाचा दोष पकडला की ही इंजिनं मुद्दाम टॉर्क कमी करतात, आणि तो त्रास भरलेल्या गाडीत चढालाच जाणवतो. रिकाम्या गाडीत पत्ता लागत नाही. कोड असेल तर बाकी काही उघडायच्या आधी तो सोडवा.

मग एअर फिल्टर. आपल्याकडची तांबडी माती पिठासारखी बारीक, खडीच्या कामात फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. डोळ्यांनी बघून निर्णय घेऊ नका. टर्बोच्या आधीच्या पाइपावर गेज लावून पूर्ण लोडला खेच मोजा. २५ इंच पाणी, म्हणजे साधारण ६३५ मिमी, ही या वर्गाच्या टर्बो इंजिनाची नेहमीची कमाल मर्यादा. तिच्या जवळ गेला की बदला. कॉम्प्रेसरने जोरात हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात, मग धूळ सरळ टर्बोच्या पात्यांवर. आतला छोटा फिल्टर तर कधीच साफ करायचा नसतो, नवाच टाकायचा.

त्यानंतर इंटरकूलर. दोन्ही टोकांचे होज काढून बूच लावा आणि ३० पीएसआय हवा भरा. हवा बंद केल्यावर १५ सेकंदांत ७ पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे. बूच साखळीने बांधून ठेवा, सुटलं तर गोळीसारखं उडतं. होजचा क्लॅम्प ज्या जागी रबराला घासतो तिथली उभी चीर थंड इंजिनावर बंद दिसते आणि बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) आल्यावरच उघडते. काळा धूर आणि ओढ कमी या जोडीचं टिपरमधलं नेहमीचं कारण हेच.

आता एक्झॉस्टच्या बाजूचं. टर्बोच्या लगेच पुढे एक्झॉस्ट ब्रेकची फुलपाखरू झडप असते. घाटात उतरताना जी जीव वाचवते ती चढाला जीव घेते, कारण काजळी आणि गंजाने तिची दांडी अडकते आणि झडप पूर्ण उघडत नाही. थंड इंजिनावर एअर सिलिंडरची पिन काढा आणि झडप हाताने फिरवा. दोन्ही टोकांना मोकळी टेकली पाहिजे. झडप पाव भागही बंद राहिली तर तुमचं ४ इंची एसएस तिच्या पुढे काय करणार?

टॅपेट, म्हणजे झडपांची फट, तीही बघून घ्या. ५.९ च्या या घराण्यात थंड इंजिनावर इनलेट ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१ मिमी. हे सगळं ठीक असेल तरच डिझेल फवारणारे नोझल काढून टेस्ट बेंचला द्या. ते खर्चाचं काम आहे, म्हणून शेवटी. उलट्या क्रमाने जाणारेच जास्त भेटतात.

धारबांदोडा_दहाचाकी

देव बरें करूं. दिवा मधून मधून लागतो आणि जातो, कोड वाचून घेतो. पण पाइपाच्या आत काही तुंबलंय का हे डबा न उघडता कसं कळणार?

फोंडा_डिझेल

बॅक प्रेशर मोजून. टर्बो आणि युरियाचा डबा यांच्यामधल्या पाइपावर, सरळ भागात, १/८ इंची सॉकेट वेल्ड करून घ्या. त्याला मीटरभर लांब ६ मिमीची तांब्याची नळी आणि तिच्या टोकाला ० ते २५ किलोपास्कलचा गेज. नळी लांब हवी, नाहीतर गरम वायू गेज जाळतो. गेज मिळत नसेल तर पारदर्शक नळीचा पाण्याचा यू करा: १० किलोपास्कल म्हणजे दोन बाजूंच्या पाण्यात साधारण एक मीटर फरक. मोजायचं ते भरलेल्या गाडीत, चढाला, पूर्ण ॲक्सिलरेटरवर, इंजिन आपल्या रेटेड फेऱ्यांजवळ असताना. यू नळी चालत्या गाडीत सांभाळणं कठीण, म्हणून गेजच बरा. गॅरेजात न्यूट्रलला रेस मारून मोजलेला आकडा निरुपयोगी, तेव्हा बूस्टच नसतो आणि वायू निम्म्यानेही नसतो.

उपचाराचा डबा नसलेल्या जुन्या ५.९ ला १० किलोपास्कल ही नेहमीची कमाल मर्यादा धरतात. डबा असलेल्या मॉडेलला यापेक्षा जास्त चालतं, तिथे आपल्या इंजिनाच्या माहितीपत्रकातला आकडाच खरा. आकडा जास्त आला तर डब्याच्या पुढचा पाइप सोडून पुन्हा मोजा. उतरला तर दोष त्याच, डब्यानंतरच्या पाइपात. नाही उतरला तर डब्यात किंवा त्याच्या आधी.

डब्याच्या आधीचा संशयित म्हणजे युरियाचे खडे. डोसिंग नोझल जिथे पाइपात उघडतो तिथे पांढरा थर बसतो. पांढरा आणि ताजा असेल तर साध्या कोमट पाण्यात विरघळतो, छिन्नी-हातोडा लावू नका. पिवळसर, दगडासारखा झाला असेल तर तो युरिया राहिलेला नसतो, उष्णतेने त्याचं दुसरंच रसायन बनलेलं असतं आणि ते पाण्याला दाद देत नाही. गाडी भरून चढाला बराच वेळ चालली, पाइप ३५० अंशांच्या वर गेला, तर त्यातलं बरंच जळून जातं. थर पुन्हा पुन्हा बसत असेल तर नोझल ठिबकतोय, किंवा गाडी तासन्‌तास आयडलवर उभी राहते, किंवा युरिया भेसळीचा आहे.

युरियाची ताकद ३२.५ टक्के असते, रिफ्रॅक्टोमीटरवर ३१.८ ते ३३.२ मध्ये बसली पाहिजे. शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकणारे अजून आहेत. २०१५ पासून देशात शेतीचा सगळा युरिया निंबोळी तेल लावलेला येतो. ते तेल आणि त्यातले क्षार डब्यातल्या उत्प्रेरकावर बसले की डबा गेला. युरियाचे कॅनही सावलीत ठेवा: ३० अंशांखाली साठवला तर वर्षभर टिकतो, ३५ अंशांपर्यंत सहा महिने. टपावरच्या उन्हात ठेवलेल्या कॅनचा हिशेब तुम्हीच करा.

कुंडई_फॅब्रिकेशन

आता पाइपाबद्दल. पहिली गोष्ट, तुम्ही ज्याला सायलेन्सर म्हणताय तो सायलेन्सर नाही. बीएस४ एससीआर गाड्यांत आवाज मारणारी जाळी आणि नॉक्स (नायट्रोजनचे घातक ऑक्साइड) कमी करणारा उत्प्रेरक एकाच डब्यात असतो. तो काढून फ्री-फ्लो लावला म्हणजे उत्प्रेरकच काढला. तेव्हा फ्री-फ्लो सायलेन्सरचा विषय तुमच्या गाडीत संपला. डब्याच्या पुढचा पाइप हा एकच भाग तुमच्या हातात आहे.

टर्बो ते डबा हा तुकडा बदलायचाच झाला तर कंपनीच्या मापाचाच घ्या. तिथे मोठा किंवा लांब पाइप टाकला की वायू वाटेत थंड होतो. २०० अंशांच्या खाली युरिया नीट फुटत नाही, खडे धरतात आणि डोसिंग थांबतं. मग पुन्हा तोच दिवा.

मागच्या पाइपाचा हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे ४ की ५ हा वाद मिटेल. ५.९ लिटर, २५०० फेरे, पूर्ण बूस्ट: इंजिन सेकंदाला साधारण पाव किलो हवा ओढतं. ती ४५० अंशांवर बाहेर पडते तेव्हा जवळपास अर्धा घनमीटर होते. ४ इंची पाइपात, २ मिमी जाडी धरून, तिचा वेग सेकंदाला ७० मीटर. ३ इंचीत १२०. अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तेच वळण ३ इंचीत तिप्पट महाग पडतं.

आणि खरा पैसा वळणातच जातो. पाइप तिरका कापून कोपऱ्यासारखा जोडलेला ९० अंशांचा एक बेंड ४ इंचीत सुमारे १.३ किलोपास्कल खातो, ३ इंचीत जवळपास ४. म्हणजे ३ इंचीत असे तीन कोपरे केले की १० किलोपास्कलचा अख्खा कोटा तिथेच संपला. गोल वळवलेला बेंड, वळणाची त्रिज्या पाइपाच्या दीडपट, ४ इंचीत ०.३ च खातो. दोन मीटर सरळ पाइप अर्धा किलोपास्कल घेतो. ५ इंची केलात तर सगळं मिळून आणखी अर्धा-पाऊण किलोपास्कल वाचेल, ते इंजिनाला कळणारही नाही. वजन वाढेल, चेसिसच्या आडव्या पट्टीला घासेल आणि आवाज घुमेल तो वेगळाच. डब्याचं तोंड ज्या मापाचं आहे तेच माप, गोल बेंड, कमीत कमी वळणं. बेंड घेताना आतल्या बाजूला चुण्या पडलेला घेऊ नका, तिथे पाइप चपटा होऊन माप कमी झालेलं असतं.

धातू: साध्या एमएसला (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) आपल्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांपलीकडे भरवसा नाही. बाहेरून खारी हवा, आतून पाणी. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात याच पाइपातून जातं, आणि जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ते पाइपाच्या टोकाला थंड होऊन साचतं. पैशाच्या मानाने सगळ्यात बरा एसएस ४०९, जाडी १.६ ते २ मिमी. वरून तांबूस होतो, त्याने घाबरू नका, तो गंज आत जात नाही. ३०४ दिसायला सुंदर, पण दीड मीटर पाइप ३०० अंशांनी तापला तर ३०४ साधारण ८ मिमी लांबतो, एमएस साडेपाच. ब्रॅकेट दोन्हीकडे घट्ट आवळलेलं असेल तर हे ८ मिमी कुठे जाणार? वेल्ड फोडून बाहेर येतात. म्हणून मागच्या ब्रॅकेटचं भोक लांबट ठेवा, २० मिमीपर्यंत, किंवा रबरावर टांगा. टांगणी दर मीटर-सव्वा मीटरला एक.

डबा चेसिसवर आणि पाइपही चेसिसवर असल्यामुळे तुमच्या मागच्या पाइपाला बेलोज (घड्यांची लवचीक नळी) लागत नाही. इंजिन आणि डबा यांच्यामध्ये जो बेलोज आहे तो मात्र तपासा. तो हलण्यासाठी असतो. तिरकी बसलेली फ्लॅन्ज ओढून जुळवायला त्याचा वापर केला की सहा महिन्यांत घड्या फुटतात.

वेल्डिंग टिगने करा. ४०९ किंवा एमएसला ३०४ जोडत असाल तर ३०९एल ची तार, ३०४ ला ३०४ असेल तर ३०८एल. एमएसची तार वापरली की जोडावरूनच गंज सुरू. गाडीवर वेल्ड करायच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) कनेक्टर काढा, नॉक्स सेन्सरचाही काढा, आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या हातभर अंतरावर लावा. चेसिसच्या दुसऱ्या टोकाला अर्थ लावून टाका मारणारे ईसीयू मारून बसतात. शक्य तर पाइप गाडीवर फक्त टाका आणि पूर्ण वेल्ड खाली उतरवून टेबलावर.

पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी ५ मिमीचं भोक पाडा, पाणी जायला. हे डब्याच्या आणि सेन्सरच्या पुढेच. आधी पाडलं तर ती गळती झाली.

कुडचडे_जुनीगाडी

फॅब्रिकेशनवाले पात्रांव, टर्बो ते डबा हीट रॅप गुंडाळला तर वायू गरम राहील ना? युरियालाही बरं.

कुंडई_फॅब्रिकेशन

तत्त्वाने बरोबर, आपल्या हवेत चूक. पावसाळ्यात रॅप पाणी पितो, खारी हवा त्यात बसते आणि पाइप आतल्या आत खाल्ला जातो, वरून काही दिसत नाही. पत्र्याची ढाल करा: १ मिमी ॲल्युमिनाइज्ड पत्रा, पाइपापासून २५ मिमी अंतर, खालून उघडा. हायड्रॉलिक होज आणि वायरिंगच्या बाजूला तर ती हवीच.

म्हापसा_पीयूसी

पीयूसी आणि नियमांबद्दल नेमकं लिहितो, कारण या विषयावर फार सांगोवांगी चालते.

डिझेल गाडीत पीयूसीला फक्त धुराची घनता बघतात. बीएस४ च्या आधीच्या गाड्यांना प्रति मीटर २.४५, बीएस४ ला १.६२, बीएस६ ला ०.७. जुन्या हार्ट्रिज मापात हेच ६५, ५० आणि जेमतेम २६ होतात. नॉक्स पीयूसीत मोजत नाहीत. त्यामुळे युरियाचा डबा काढून एमुलेटर लावलेली गाडी पीयूसीला सुटते, आणि म्हणूनच तुमचा मिस्त्री इतक्या छातीठोकपणे बोलतोय. पण पीयूसी सुटली म्हणजे गाडी कायदेशीर झाली असं नाही. कंपनीने प्रमाणित केलेल्या गाडीत मालकाने परवानगीविना फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हवा आणि आवाजाचे निकष मोडणाऱ्या गाडीला कलम १९०(२): पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. पासिंगला निरीक्षक गाडीखाली वाकला तर डब्याच्या जागी सरळ पाइप दिसायला वेळ लागत नाही.

चाचणी कशी होते तेही समजून घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन ऑइल किमान ६० अंश. आधी काही वेळा रेस मारून पाइपातली सुटी काजळी बाहेर काढतात. मग पॅडल एका सेकंदाच्या आत पूर्ण दाबायचं, इंजिन गव्हर्नरच्या कमाल फेऱ्यांना पोचेपर्यंत धरायचं, सोडायचं. सलग चार वाचनं एकमेकांच्या जवळ आली की त्यांची सरासरी हा तुमचा आकडा. हळूहळू पॅडल दाबणारा ड्रायव्हर आकडा कमी आणतो असा समज आहे. फेरे वेळेत चढले नाहीत तर वाचनच धरायचं नसतं.

काजळीचा मुद्दा महत्त्वाचा. रांगेत अर्धा तास आयडलवर उभी राहिलेली गाडी पहिल्या दोन-तीन रेसना काजळीच्या पापुद्र्यांचा ढग सोडते. भरलेली गाडी चढाला चालवून, गरम इंजिनाने सरळ या. रांग असेल तर इंजिन बंद ठेवा, आणि नंबर आला की पुन्हा गरम करून घ्या.

पाइपाच्या टोकाचं: प्रोब सरळ भागात बसावा लागतो. शेवटी आडवा कापलेला, चपटा केलेला किंवा आत जाळी ठोकलेला शोभेचा तुकडा लावला की प्रोब नीट बसत नाही आणि वाचनं जुळत नाहीत. शेवटचा दीड-दोन फूट सरळ ठेवा.

आता तोंड वर काढण्याबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मालवाहू गाडीचा धूर जमिनीकडे किंवा डावीकडे सोडायचा नाही असा सर्वसाधारण नियम आहे. शिवाय कंपनीने तुमचं मॉडेल ज्या दिशेने प्रमाणित केलंय ती दिशा बदलली की पासिंगला समजावून सांगत बसावं लागतं. माझा सल्ला, मूळ दिशा ठेवा. आणखी एक, नियम ११३: एक्झॉस्ट पाइप आणि डिझेलच्या लाइनीत किमान ३५ मिमी अंतर. नवा पाइप वळवताना हे हमखास विसरलं जातं. इंधन किंवा धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना नियम १२९अ प्रमाणे स्पार्क अरेस्टर सक्तीचा आहे. वास्कोच्या बाजूचे टँकरवाले हे वाचत असतील तर त्यांनी पाइप बदलताना तो परत बसवला की नाही ते बघावं.

बीएस४ ची पीयूसी वर्षभर चालते. पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. तुमची गाडी २०१७ ची, म्हणजे आता दरवर्षीचीच.

फोंडा_डिझेल

टिपरला वरचं तोंड नकोच, नियम बाजूला ठेवला तरी. हौदा उचलताना हायड्रॉलिक होज आणि ताडपत्री दोन्ही त्या गरम पाइपाशेजारी येतात. शिवाय पावसाळ्यात गाडी उभी असली की पाणी सरळ डब्यात. झाकण लावतात, पण त्याची बिजागरी पहिली गंजते.

मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्यावर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर बाजारात आल्या. त्यातली असेल तर युरियाची टाकी, पंपाचा फिल्टर आणि लाइन आधी साफ करून घ्या. सुकलेल्या युरियाने पंप अडकलेला असतो आणि लोक डब्याला दोष देतात.

डिचोली_पिकअप

माझा प्रश्न जोडतो. बीएस६ पिकअप, डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारी जाळी). मागचा पाइप २ इंचीचा अडीच केला तर चालेल? आणि डीपीएफ सारखी रिजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) मागते, तो प्रकार पाइपामुळे का?

फोंडा_डिझेल

डीपीएफच्या पुढचा पाइप बदलला तर हरकत नाही, फायदाही नाही. सगळा अडथळा डीपीएफमध्ये आहे, पाइपात नाही. मात्र डीपीएफचा आधी-नंतरचा दाब मोजणाऱ्या दोन रबरी नळ्या, तापमानाचे सेन्सर आणि नॉक्स सेन्सर आपल्या जागेवरून हलता कामा नयेत. नॉक्स सेन्सरचा आटा एम२० गुणिले १.५, तापमानाचा बहुधा एम१४ गुणिले १.५. फॅब्रिकेटरने दुसऱ्या आट्याचा बॉस लावून त्यात सेन्सर कोंबला की तो गेलाच. सेन्सर महाग असतो.

सारखी रिजनरेशन म्हणजे एकतर जवळच्या फेऱ्या, पाइप तापतच नाही. किंवा ती अर्ध्यात बंद केली जाते. किंवा इंजिन जास्त काजळी करतंय, म्हणजे पुन्हा फिल्टर, होज, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), नोझल. चौथं कारण ऑइल: कमी राखेचं, डीपीएफला चालणारं ऑइल टाकलं नाही तर राख साचते आणि राख रिजनरेशनने जळत नाही. ऑइलची पातळीही बघा. अर्धवट रिजनरेशनांनी डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वर चढते. कमाल खुणेच्या वर गेली असेल तर ऑइल लगेच बदला.

म्हापसा_पीयूसी

शाबूत डीपीएफची बीएस६ गाडी पीयूसीला जवळपास शून्य दाखवते. ०.४, ०.५ येतंय म्हणजे ०.७ च्या आत आहे म्हणून खूश होऊ नका, आतली जाळी तडकलेली असण्याची शक्यता मोठी. पाइपाचं टोक पांढऱ्या फडक्याने आतून पुसून बघा. शाबूत असेल तर फडकं काळं होत नाही.

कुडचडे_जुनीगाडी

आणि आमच्या बीएस३ वाल्यांचं? डबा नाही, युरिया नाही, नुसता सायलेन्सर.

कुंडई_फॅब्रिकेशन

तुम्ही सुखी. मर्यादा २.४५, आणि सायलेन्सर बदलायला मोकळे. फक्त सायलेन्सर असलाच पाहिजे, सरळ पाइप नको. कंपनीच्याच आकाराचा पण बाहेरून ॲल्युमिनाइज्ड घ्या. आत काचेची लोकर भरलेला घेऊ नका, काजळी आणि पाण्याने ती वर्षात भिजून बसते आणि आवाज मोकळ्या पाइपासारखा होतो. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं असेल तर ते आधी कमी करा, तुमच्या धुराचं मूळ तिथेच असतं.

धारबांदोडा_दहाचाकी

कोड वाचले. युरिया डोसिंगचा एक आणि बूस्ट कमी असल्याचा एक. इंटरकूलरचा खालचा होज क्लॅम्पजवळ चिरलेला निघाला. होज बदलून आधी पीयूसी बघतो, मग ४०९ चा ४ इंची मागचा पाइप, डबा आहे तसाच. फ्लॅन्जचे बोल्ट किती आवळायचे आणि पॅकिंग कुठलं?

कुंडई_फॅब्रिकेशन

पॅकिंग स्टील-ग्राफाइटचं, जुनं परत वापरू नका. नुसता लाल सिलिकॉन लावून भागवू नका, दोन आठवड्यांत जळतो. बोल्ट ८.८ ग्रेडचे, आट्यांना कॉपर ग्रीस, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. आवळण्याचा आकडा तुमच्या फ्लॅन्जच्या मापाप्रमाणे माहितीपत्रकात असतो, अंदाजाने नको. लावल्यावर इंजिन थंड असताना शेवटच्या तोंडातून ब्लोअरने हलकी हवा भरा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, फेस आला तिथे गळती. पहिल्या दोन-तीन भरलेल्या फेऱ्यांनंतर पाइप पूर्ण थंड झाला की बोल्ट पुन्हा एकदा बघायचे. तेवढं झाल्यावरच पीयूसीला न्या.